पुढारीपण आणि नम्रता : रेव्हरंड टिळकांचें उदाहरण

छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत एक गोष्ट मीं पुनःपुन्हां पाहिली. वर्गांतील एखाद्या शांत मुलाला मॉनिटर नेमावें, आणि आठ दिवसांच्या आंत त्याचा आवाज चढलेला असावा. मला याचें हंसूं येत असे. परंतु पुढें एका शाळेंत मुख्याध्यापकाच्या पदाचा तात्पुरता कारभार कांहीं महिने मजकडे आला, आणि शिपायानें चहा आणला कीं मान वर न करतां कप ठेवण्याची जागा मी बोटानें दाखवूं लागलों. तो शिपाई माझ्याहून वयानें वडील होता. आपण असें वागत होतों, हें त्या वेळीं माझ्या ध्यानींही आलें नाहीं. निवृत्तीनंतर एके दिवशीं तो बाजारांत भेटला, तेव्हां आलें.

आजच्या भाषणाचा विषय ख्रिस्ती पुढारीपणांतील नम्रता हा आहे. मी स्वतः ख्रिस्ती नव्हे. पाथर्डीस राहणाऱ्या मराठीच्या शिक्षकास या विषयाची वाट सांपडली ती पाठ्यपुस्तकांतून. ‘केवढें हें क्रौर्य’ ही कविता मीं किती वर्गांना शिकविली याची गणती नाहीं. तिचे कर्ते नारायण वामन टिळक आपल्याच जिल्ह्यांत, नगर व राहुरी येथें, वर्षानुवर्षें राहिले होते असें सांगितलें कीं मुलें कान टवकारीत. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, परंतु करंजी घाटानें एस. टी.त बसून जाणारे आमचे वडीलधारे अजून ‘नगरला जातों’ असेंच म्हणतात.) कवितेच्या पाठीमागचा माणूस पाहावा म्हणून मीं लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ हातीं घेतलें, आणि तेव्हांपासून हा विषय माझ्या मनांत घोळत आहे.

प्रथम या धर्मांत नम्रतेची कल्पना कशी आहे तें पाहूं. ख्रिस्ताच्या शिष्यांमध्यें आपणांत मोठा कोण असा वाद एकाहून अधिक वेळां झाल्याचें शुभवर्तमानांत नमूद आहे. शेवटच्या भोजनाच्या प्रसंगीं ख्रिस्त स्वतः उठला, त्यानें कमरेस रुमाल बांधला, आणि घंगाळांत पाणी घेऊन एकेकाचे पाय धुतले. त्या काळीं हें घरांतील गुलामाचें काम होतें. पेत्रानें प्रथम पाय पुढें केलेच नाहींत. वरवर पाहतां हा पेत्राचा विनय. परंतु बारकाईनें पाहिलें तर त्यांत हट्ट आहे. गुरूनें गुरूच्या जागीं बसावें म्हणजे आपलीही जागा ठरलेली राहते, असा तो हट्ट. त्याच रात्रीं बागेंत प्रार्थना करतांना ख्रिस्तानें आपली इच्छा बाजूस ठेवून पित्याची इच्छा पत्करली. या दोन प्रसंगांचा सांधा मला महत्त्वाचा वाटतो : जो वरच्या सत्तेपुढें खरोखर वांकला आहे, त्यालाच खालीं बसून दुसऱ्याचे पाय धुण्याची लाज वाटत नाहीं. आपल्याकडे नेवाशास सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांतही ज्ञानाच्या लक्षणांचा आरंभ अमानित्वानेंच होतो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलों असें सांगणाऱ्या टिळकांना हे दोन्ही प्रवाह घरचेच होते.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील चित्पावन घराण्यांतला. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचें मन ओढलें गेलें, आणि १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत पडले. १९०४ सालीं त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

येथें नगर जिल्ह्याची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. या भागांतील ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य माणसें महार व मांग समाजांतून आलेलीं होतीं. अशा मंडळींत संस्कृत जाणणारा, कवि म्हणून नांवाजलेला ब्राह्मण आला, तर उच्चासन त्याच्याकडे आपोआप चालत यावें अशीच ती स्थिति होती. जन्मानें मिळालेला मान एका धर्मांत टाकून तोच मान दुसऱ्या धर्मांत पदरांत पाडून घेणें अगदीं सोपें होतें. दुसरीकडे मिशनरींची सत्ता. हें मिशन ज्या काँग्रिगेशनल पंथाचें होतें त्यांत बिशप नसतो; प्रत्येक मंडळी आपला पाळक आपण निवडते. तत्त्व उत्तमच. परंतु मिशनचा पैसा बोस्टनहून येई, आणि पगार देणाऱ्याच्या शब्दास वजन असतें हें आपणां नोकरदारांना कोणी शिकवावयास नको. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे हिंदी माणसांची योग्यता ओळखणारे मिशनरी होते, तरीही ही अडचण व्यक्तींच्या सौजन्यानें सुटण्यासारखी नव्हती. वरून पगार घेणारा पाळक देवाचा सेवक कीं मिशनचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

१९१७ सालीं टिळकांनीं या प्रश्नाचें उत्तर स्वतःपुरतें दिलें. त्यांनीं मिशनची पगाराची नोकरी सोडली व सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत यावेत अशी त्यांची योजना होती. नांवाचाच विचार करा. दरबारांत सिंहासन एकच असतें, आणि बाकीचे सारे, मग ते विलायतेहून आलेले असोत कीं कोंकणांतून, उभे असतात. हा अर्थ मी लावतों आहें. परंतु मिशनरींपुढें न वांकणारा हा माणूस उद्दाम होता कीं नम्र, या वादाला त्या नांवांतच उत्तर आहे असें मला वाटतें. माणसापुढें वांकणें म्हणजे नम्रता नव्हे. वरिष्ठांपुढें लवणारे आणि शिपायाला बोट दाखविणारे पुष्कळ असतात. मीं आपलें उदाहरण आरंभींच दिलें आहे.

परंतु एवढ्यानें विषय संपत नाहीं. ‘मला देवाची आज्ञा झाली’ असें म्हणणारा माणूस इतर सर्वांच्या प्रश्नांतून सुटतो, आणि हा मार्ग अहंकारालाही मोकळा असतो. तेव्हां या आज्ञेची पारख कशी करावी? माझी कसोटी मास्तराची, म्हणजे साधी आहे : आज्ञा पाळणाऱ्याचें त्यांत काय गेलें आणि त्याला काय मिळालें? टिळकांचें वेतन गेलें, स्थैर्य गेलें; वय छप्पन्नाच्या घरांत होतें. येथवर ते उतरतात. मात्र त्या आज्ञेची झळ आणखी कोणाला लागली हेंही विचारलें पाहिजे. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे, दारीं आलेल्याला ते देऊन टाकीत, आणि चूल पेटवावयाची ती लक्ष्मीबाईंनीं. ईश्वराला शरण जाणाऱ्या पुढाऱ्यानें आपल्याबरोबर घरच्या माणसांचीही शरणागति परस्पर लिहून द्यावी काय, याचें उत्तर मला ठाम देतां येत नाहीं. मन लक्ष्मीबाईंच्या बाजूनें झुकतें, एवढें खरें.

त्याच घरांत याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची चार-पांच वर्षें ताटातूट झाली. पुढें लक्ष्मीबाई नगरास आल्या त्या आपलें सोवळें घेऊन. पाणी वेगळें, स्वयंपाक वेगळा. टिळक स्वभावानें तापट. व्यासपीठावरून जातिभेदाविरुद्ध बोलणाऱ्या या उपदेशकाच्या घरींच सोवळें, हें लोकांत दिसावयास कसें दिसलें असेल याची कल्पना करा. तरीही त्यांनीं या बाबतींत पत्नीवर सक्ती केली नाहीं. तिची वेगळी व्यवस्था चालूं दिली. लक्ष्मीबाईंनीं सोवळें सोडलें तें स्वतःच्या विचारानें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तोही आपल्या मनानें. दुसऱ्याच्या अंतःकरणावर आपली सत्ता नाहीं, ती देवाची आहे, हें मान्य करणें मला नोकरी सोडण्याहून अवघड वाटतें. नोकरी एका दिवसांत सोडतां येते. हें रोज सकाळीं पाण्याच्या दोन घागरी पाहून करावयाचें होतें.

टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस वारले, आणि त्यांच्यामागें दरबार फार दिवस चालला नाहीं. हें मला टिळकांच्या पुढारीपणांतील उणेंच वाटतें. पुढारी देवापुढें वांकलेला असला, तरी भोंवतालचीं माणसें पुढाऱ्याकडे पाहूनच जमलेलीं असूं शकतात. तीं आपल्याशिवाय उभीं राहतील अशी तजवीज करणें हाही नम्रतेचाच भाग आहे, आणि त्याला दोन वर्षें पुरलीं नाहींत. उलट जें त्यांनीं संस्थेच्या रूपानें केलें नाहीं तें टिकलें. ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य ते थोडेच अध्याय लिहून अपुरें सोडून गेले; नियमित शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढले बहुतेक अध्याय रचून तें पूर्णत्वास आणलें. नवऱ्याचा तापटपणा आणि भोळा उधळेपणा कांहीं न झांकतां त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलें; त्याचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. आणि टिळकांचीं भजनें ‘उपासना संगीत’ या पुस्तकांत समाविष्ट होऊन मराठी ख्रिस्ती मंडळींत आजही रविवारीं म्हटलीं जातात. म्हणणाऱ्यांपैकीं प्रत्येकाला कवीचें नांव ठाऊक असतेंच असें नाहीं.