जाहीर नोटीस कोण वाचतं?

शेतजमीन घ्यायची ठरली, सातबारा आणि फेरफार तपासून झाले, की वकील सांगतात, ‘आता पेपरात जाहीर नोटीस देऊ.’ ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की...’ अशी तिची सुरुवात. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, विकणाऱ्याचं नाव. आणि कोणाचा हक्क, वारसा, गहाण, बोजा असेल तर ठरावीक दिवसांत पुराव्यानिशी हरकत घ्यावी, अशी मुदत.

हा मजकूर बहुधा तालुक्याच्या वार्ताहराकडे जातो. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस अनेक ठिकाणी एकच असतो. मानधन नाममात्र, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. दर कॉलम सेंटिमीटरवर. नोटीस २ कॉलम रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असेल, तर २० कॉलम सेंटिमीटरचे पैसे. नोटिसा, दशक्रियेच्या चौकटी, बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात यांवर तालुक्याचं पान चालायचं. त्या पानावर नळपाणी योजनेची बातमी, बाजार समितीचे भाव असायचे, म्हणून लोक पान उघडायचे आणि नोटीसही नजरेखालून जायची.

आधी वाढदिवस आणि दुकानांची उद्घाटनं फ्लेक्सवर, व्हॉट्सॲपवर गेली. मग २०२० च्या टाळेबंदीत बंद केलेला पेपर अनेक घरांनी पुन्हा लावलाच नाही. पानं घटली. नोटिसा राहिल्या, कारण काही ठिकाणी कायदाच त्या मागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत यावी लागते, त्यांतलं एक प्रादेशिक भाषेतलं. कर्ज थकलेल्या घराचा बँकेनं ताबा घेतला, तरी दोन वर्तमानपत्रं लागतात.

पेपर तिथे खपतो का, एवढंच कायदा विचारतो. तो वाचला जातो का, हे विचारत नाही. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. भाऊ जमीन विकायला काढतो, तेव्हा दूर दिलेल्या बहिणीला एसटी स्टँडवर पेपर वाचणारा कोणी गाववाला फोन करायचा. आता कात्रण फाइलला लागतं, मुदत संपते, ‘हरकत आली नाही’ असा शेरा पडतो. माझ्या मते ही कागदोपत्री पूर्तता आहे, सूचना नव्हे.

म्हणून नोटीस देणार असाल, तर तिची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावाच्या ग्रुपवरही टाका. आणि गावाकडे तुमचा हिस्सा असेल, तर तिथला पेपर रोज वाचणारा एक तरी माणूस धरून ठेवा.