रेषांचा ताळा

कागदावर खोका काढणे हे वरकरणी सोपे काम. परंतु नवशिक्या चित्रकाराची पहिली खरी कसोटी तेथेच लागते. वस्तूची खोली सपाट कागदावर दाखविणाऱ्या शास्त्रास यथार्थदर्शन म्हणतात. त्याचे मूळ तत्त्व असे की, प्रत्यक्षात समांतर असलेल्या, पण आपल्यापासून दूर जाणाऱ्या रेषा चित्रात एका बिंदूकडे धाव घेतात. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, ते यामुळेच. रेषा जमिनीला समांतर असतील, तर त्यांचा हा लोपबिंदू पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवरील क्षितिजरेषेवर पडतो.

या शास्त्राच्या इतिहासाचा आरंभच पडताळणीने झाला. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तेथील बाप्तिस्मागृहाचे चित्र एका फळीवर काढून त्या फळीला छिद्र पाडले. मागून छिद्राला डोळा लावावा, समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावे आणि आरसा दूर करताच खरी इमारत दिसावी, अशी ती योजना होती. पुढे १४३५ साली लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने या पद्धतीचे नियम ग्रंथात मांडले. लिओनार्दो दा विंचीनेही चित्रकारांना आपले काम आरशात पाहण्याचा सल्ला दिला. उलटे दिसणारे चित्र परक्याचे वाटते आणि परक्याचे दोष लवकर दिसतात!

आज घरोघरची मुले मोबाईलवर पाहून हा सराव करतात व चित्राचे छायाचित्र पाठवून जाणकारांचे मत मागवितात. ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर ते वही न तपासता केलेल्या सहीसारखे ठरते. चूक तशीच राहते आणि शंभर खोके काढता काढता हाताच्या वळणी पडते. उलट, कारण न सांगता केलेली हेटाळणी मुलाच्या हातची पेन्सिलच खाली ठेवविते. म्हणून मत कसे मागावे, हेही शिकणे अगत्याचे आहे.

प्रथम स्वतः ताळा पाहावा. खोक्याच्या कडा रंगीत पेन्सिलीने पुढे वाढवाव्यात. एका दिशेच्या सर्व रेषा एकाच बिंदूत मिळाल्या नाहीत, तर चूक तेथेच सापडते. डोळ्यांच्या पातळीच्या वर असलेल्या खोक्याचा माथा दिसू लागला, तरी चूक उघड आहे. दोन लोपबिंदू फार जवळ घेतल्यास खोक्याचा पुढचा कोपरा विचित्र टोकदार होतो. अशा वेळी कागदाला कागद जोडून बिंदू दूर न्यावेत.

त्यानंतर चित्र पाठवावे. क्षितिजरेषा व वाढविलेल्या रेषा खोडू नयेत. परीक्षकाला उत्तराइतकीच रीतही दिसली पाहिजे. छायाचित्र घेताना मोबाईल कागदाला समांतर धरावा. तो तिरपा झाला, तर चौकोनी कागदच एका बाजूस निमुळता दिसतो आणि नसलेला दोष चित्राच्या माथी येतो. ‘कसे वाटले?’ असे मोघम न विचारता ‘उजव्या बाजूच्या रेषा बरोबर मिळतात का?’ असा नेमका प्रश्न करावा.

घरच्या वडीलधाऱ्यांना चित्रकला येत नसली, तरी एक पट्टी घेऊन मुलाशेजारी बसता येते. रेषा बिंदूला मिळाली की नाही, हे सांगण्यास तेवढे पुरे.