उपग्रहामागे वळणारी अँटेना

आपल्या छपरावरची टीव्हीची थाळी एकदा बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. तिचा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो एका जागी टांगल्यासारखा असतो. हौशी रेडिओवाले ज्यांच्याशी बोलतात ते उपग्रह बहुधा असे स्थिर नसतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला, तोही याच जातीचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक तर सुमारे ४०० किलोमीटरवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करते. मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिले तर ते समुद्राच्या बाजूने उगवते आणि दहाएक मिनिटांत सह्याद्रीमागे मावळते. तेवढ्या वेळात अँटेना त्याच्या रोखाने वळत राहिली पाहिजे.

हे वळणे दोन प्रकारचे असते : क्षितिजाला धरून आडवे आणि क्षितिजापासून माथ्यापर्यंत उभे. त्यासाठी दोन मोटरी लागतात. तयार यंत्र महाग पडते आणि सामान्य माणूस तेथेच थबकतो. वस्तुतः थबकण्याचे कारण नाही. सात-आठ काड्यांच्या यागी अँटेनेचा झोत साधारण चाळीस अंश रुंद असतो. नेम चार-पाच अंशांनी चुकला तरी ऐकू येण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे घड्याळजीच्या अचूकपणाची येथे गरज नाही.

मोटारीच्या वायपरची जुनी मोटर भंगारात मिळते. तिच्यात वर्म गिअर असतो. मोटर चाकाला फिरवते, पण चाकाला सहसा मोटर फिरवता येत नाही. त्यामुळे वाऱ्याने अँटेना आपोआप वळत नाही. सायकलची साखळी आणि लहानमोठी दातेरी चाके लावून तिची गती आणखी मंद करावी. उपग्रह केव्हा कोठे असेल याचे गणित संगणक करतो. अँटेना खरोखर किती वळली हे सांगणारा संवेदक मात्र हवाच, नाहीतर गणित बरोबर आणि रोख भलतीकडे, असे होते. उत्तर दिशा ठरवताना लोखंडी खांबाजवळ होकायंत्र फसवते. त्यापेक्षा आपल्या खलाशांचा ध्रुवतारा बरा. मालवणहून तो क्षितिजावर सुमारे सोळा अंश, म्हणजे हात ताठ धरून उघडलेल्या वितीहून थोडा खाली दिसतो.

आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रू आहे तो वारा. त्याच्याशी बळाने झुंजायचे की त्याला वाट द्यायची? नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके रेडिओलहरींपेक्षा पुष्कळ लहान असल्याने लहरी परततात, वारा मात्र पार होतो. वाऱ्याचा भार घटला, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्चही उतरला. मच्छीमाराला हे समजावून सांगावे लागत नाही : शीड वारा धरते, जाळे सोडून देते. आपल्या अँटेनेच्या काड्याही अशाच विरळ असाव्यात, आणि आडव्या दांड्याचा तोल मध्यावर साधावा. मग लहान मोटरही पुरते.

दुसरा शत्रू खारी हवा. अॅल्युमिनियमच्या नळीत साधा लोखंडी बोल्ट बसवला तर दोन्ही धातू लवकर खराब होतात. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, ग्रीस लावावे, आणि पावसाळ्यापूर्वी सारे खाली उतरवावे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या जिल्ह्यात वीज आणि फोन बंद पाडले, ते आपण विसरलेलो नाही. दहा मिनिटांचा उपग्रह सगळ्या गावाची सोय करील असे आम्ही म्हणत नाही. परंतु सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेली, बॅटरीवर यंत्र चालवू शकणारी चार माणसे गावात असली, तर तारा तुटल्या तरी निरोप थांबत नाही. ती माणसे वादळाच्या दिवशी तयार होत नाहीत. ती अशा भंगारातल्या मोटरीशी खटपट करतच तयार होतात.