छायाप्रतींच्या फाइलींचीं नांवें व त्यांचें शुद्धीकरण

दप्तराचा रुमाल सोडण्यापूर्वीं त्यावरील चिठ्ठी उतरून घ्यावी, हा संशोधकांचा जुना परिपाठ आहे. अलीकडे कागदपत्रांच्या छायाप्रती संगणकांत सांठवितात. तेथें फाइलीचें नांव हीच ती चिठ्ठी होय. हीं नांवें संगणकास अडचणीचीं होतात तेव्हां तीं बदलावीं लागतात. तीं कशीं बदलावीं व बदलतांना काय राखावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. विवेचन लिनक्स प्रणालीपुरतें आहे. आज्ञा रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात; येथें त्यांचे उच्चार दिले आहेत.

नांव बदलण्याची आज्ञा 'एम् व्ही' ही होय. तिजपुढें प्रथम जुनें व नंतर नवें नांव लिहावें. फाइल त्याच डिस्कविभागांत राहत असेल तर तिचा मजकूर हालत नाहीं. यादींतील नोंद तेवढी बदलते.

लिनक्समध्यें '/' हें चिन्ह व शून्य बाइट यांखेरीज कोणतेंही चिन्ह नांवांत चालतें. परंतु चालतें तें सर्व सोयीचें नसतें. आज्ञा वाचणारा शेल मोकळ्या जागेवर नांव तोडतो. म्हणून 'शके १६८२ पत्र' हें एक नांव त्यास तीन नांवें भासतें. '*' म्हणजे कितीही अक्षरें व '?' म्हणजे कोणतेंही एक अक्षर, असा तो अर्थ करितो. यास्तव संपूर्ण नांव एकेरी अवतरणचिन्हांत घालावें. नांवाच्या आरंभीं '-' असल्यास मात्र हा उपाय पुरत नाहीं. तें नांव आज्ञेचा पर्याय समजलें जातें. तेथें नांवांपूर्वीं '--' लिहावें. उदाहरणार्थ:

एम् व्ही -आय् -- '-३ पत्र (?)' 'पत्र_३_संदिग्ध'

याहून कठीण प्रकार अदृश्य भेदांचा. 'साताऱ्याचीं पत्रें' यांतील 'ऱ्या' युनिकोडांत तीन प्रकारें लिहितां येतो: स्वतंत्र 'ऱ' घेऊन, 'र' खालीं नुक्ता देऊन, अथवा साधा 'र', हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांस बहुधा एकच दिसणारीं हीं नांवें एकाच संग्रहांत शेजारीं राहूं शकतात, आणि एक शोधिलें असतां दुसरें सांपडत नाहीं. 'एल् सी_ऑल=सी एल् एस् -बी' या आज्ञेनें ('एल् एस्'पूर्वींचीं रोमन अक्षरें मोठीं) नांवांतील देवनागरी चिन्हें अष्टमान आंकड्यांत दिसतात. त्यांत ३४२, २००, २१५ हा क्रम आढळल्यास तेथें अदृश्य जोडचिन्ह आहे असें समजावें. 'एल् एस् -आय्' प्रत्येक फाइलीचा क्रमांक देते. नांव टंकणें अशक्य असल्यास त्या क्रमांकावरून 'फाइंड . -आयनम क्रमांक -एक्झेक एम् व्ही -आय् {} नवें_नांव \;' अशी आज्ञा करावी. नांव बदललें तरी हा क्रमांक तोच राहतो.

खरा धोका येथेंच आहे. वरील दोन भिन्न 'साताऱ्यांस' शुद्ध करून एकच नांव दिलें, तर 'एम् व्ही' कांहीं न विचारतां दुसरी फाइल पहिलीवर लिहिते, आणि एका पत्राची छायाप्रत नाहींशी होते. म्हणून '-आय्' हा पर्याय सोडूं नये. तो अधिलेखनापूर्वीं विचारतो. '-एन्' अधिलेखन करीतच नाहीं. नांवाची लांबीही पाहावी. सामान्यतः मर्यादा २५५ बाइटांची असते व प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे मात्रा व हलन्त धरून ८५ चिन्हेंच मावतात.

शेवटीं, संगणकास नडणारें चिन्ह संशोधकास नडणारेंच असतें असें नाहीं. 'शके १६८२ (?)' यांतील प्रश्नचिन्ह विंडोजमध्यें निषिद्ध असल्यामुळें काढावें लागेल, पण तें पूर्वींच्या वाचकाचा संशय होता. तें निमूटपणें काढल्यास संशयाचा निर्णय होतो, व तो निर्णय कोणीच केलेला नसतो. त्या जागीं 'संदिग्ध' हा शब्द घालावा. तसेंच जुनें नांव, नवें नांव, फरकाचें कारण व तारीख यांची यादी फाइलींबरोबर ठेवावी. पोथीचे पाठभेद आपण तळटीपेंत राखितों. फाइलीच्या नांवासही तोच न्याय लावावा.