बंद खोली आणि विषाणू

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत क्राइस्टचर्च शहरातील ट्रामगाड्यांच्या डब्यांत झिंक सल्फेटच्या द्रावणाचा फवारा सोडून तो नागरिकांना हुंगविण्याची तजवीज करण्यात आली होती. हेतू स्तुत्य होता, परंतु त्या फवाऱ्याने विषाणूचा बंदोबस्त झाला नाही, आणि डब्यातील दाटीने संसर्गालाच आयते निमित्त मिळाले. फवाऱ्यावरील हा भाबडा विश्वास अद्याप ओसरलेला नाही, म्हणूनच २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेला खोल्यांत जंतुनाशक फवारू नये, असे बजावावे लागले.

त्याच शहराच्या पश्चिमेकडील हॉर्नबी उपनगरात, ऐन हिवाळ्यात, खिडक्या लावून हीट पंप चालू ठेवलेल्या घरात एखाद्या मुलाला नोरोव्हायरसने उलट्या झाल्या, तर प्रथम खिडक्या सताड उघडाव्यात, कारण तो पंप बहुधा घरातलीच हवा फिरवीत राहतो. मग हातमोजे घालून घाण कागदाने टिपावी, जागा साबणाने धुवावी आणि त्यानंतरच ब्लीच लावावे. मळ शिल्लक असेल तर क्लोरिन त्यावरच खर्ची पडते. पाच टक्क्यांचे ब्लीच असल्यास २० मिलीलिटरमध्ये ९८० मिलीलिटर थंड पाणी मिसळावे, आणि दाराची मूठ, नळ, फ्लशचे बटण दहा मिनिटे ओलेच राहू द्यावे. इन्फ्लुएन्झा वा करोना यांचे स्निग्ध आवरण साबणानेही विरते. नोरोव्हायरसला ते नसल्यामुळे हातांवरील अल्कोहोलला तो सहसा दाद देत नाही.

मात्र ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल किंवा अमोनिया कदापि मिसळू नये. त्यातून निघणारा विषारी वायू फुफ्फुसांना गंभीर इजा करतो.