घरगुती ससेपालन : हेतू आणि हवामान

शेतकरी कुटुंबाने ससे पाळण्याचे ठरविल्यास, जात निवडण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित केल्या पाहिजेत : ससे कशासाठी पाळावयाचे आणि गावचे हवामान कसे आहे. अंगोरा ससे लोकरीसाठी पाळतात. त्यांची दाट लोकर थंड प्रदेशातच त्यांना सोसते. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने त्यांच्या संवर्धनासाठी हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात, गारसा येथे केंद्र चालविले आहे. याच संस्थेच्या तमिळनाडूतील मन्नवनूर केंद्रात व्हाइट जायंट व सोव्हिएत चिंचिला या मांसाच्या जातींवर काम होते. तेही कोडाईकनालच्या थंड डोंगरांत आहे, हे ध्यानात घ्यावे.

मैदानी मुलखात सशाचा खरा शत्रू उष्मा होय. त्याला घाम जवळजवळ येत नाही. शरीरातील उष्णता तो बऱ्याच अंशी कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान बराच काळ ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास नराची प्रजननशक्ती तात्पुरती क्षीण होते. मादी सुमारे ३१ दिवसांत विते खरी. परंतु ती गाभणच न राहिल्यास चाऱ्याचा व श्रमाचा खर्च वाया जातो. यास्तव पिंजरे दाट सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून उंच ठेवावेत. छपरावर गवत पसरावे आणि पाणी सदैव गार असावे. ऐन उन्हाळ्यात मादी नराकडे नेऊ नये.

आरंभी एक नर व तीन माद्या पुरेत. प्रत्येक वेताची तारीख, जन्मलेली व जगलेली पिले वहीत नोंदवावीत. ससे घराला आधार आहेत की भार, हे त्या नोंदींवरूनच कळते.