वाढीचा हिशेब, भाग ७ : धूर नेमका कुणाच्या खात्यावर?

उत्पन्न वाढत असताना उत्सर्जन त्याहून कमी वेगाने वाढलं, तर ती सापेक्ष फारकत. उत्सर्जन खरोखरच घटलं, तर निरपेक्ष. हे गेल्या आठवड्यात पाहिलं. निरपेक्ष फारकतीचा दाखला म्हणून ब्रिटनचं नाव हमखास घेतलं जातं. १९९० ते २०२२ या काळात तिथली अर्थव्यवस्था ७५ टक्क्यांहून जास्त वाढली आणि हरितगृह वायूंचं उत्सर्जन निम्म्यावर आलं. आकडे खरे आहेत, पण ते फक्त ब्रिटनच्या हद्दीतले आहेत.

३० सप्टेंबर २०२४ हा एकच दिवस घ्या. त्या दिवशी नॉटिंगहॅमशरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं. लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालेलं पर्व संपलं. ही घट अस्सल आहे. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. पुढच्याच वर्षी सरकारने कार्बनला किमान किंमत लावली, कोळसा महाग पडू लागला आणि त्याची जागा आधी गॅसने, मग समुद्रातल्या पवनचक्क्यांनी घेतली. वीज काही भारतातून बोटीने नेता येत नाही!

पोलाद नेता येतं. त्याच ३० सप्टेंबरला वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलची तिथली शेवटची झोतभट्टी विझली. दहाच दिवस आधी याच कंपनीने ओडिशात कलिंगनगरला भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू केली होती. वेल्सची भट्टी उचलून इकडे आणली, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. कलिंगनगरचा विस्तार आपल्याच वाढत्या मागणीसाठी आहे. पण पोर्ट टॅलबटच्या रोलिंग मिल चालूच राहिल्या. भंगार वितळवणारी विद्युतभट्टी उभी राहीपर्यंत त्यांना लागणारे स्लॅब नेदरलँड्स आणि भारतातून न्यायचे ठरले. म्हणजे पोलाद त्यांच्याकडे, धूर आपल्या वहीत. आयातीमागचं असं उत्सर्जन मोजलं तरी ब्रिटनची घट उरते, पण बरीच आक्रसते.

आपलं काय? २०३० पर्यंत उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं, हे भारताचं वचन. २०१९ पर्यंत ते ३३ टक्क्यांनी घटलं होतं. एकूण उत्सर्जन मात्र वाढतच गेलं. ही सापेक्ष फारकतच. दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या देशाकडून आज याहून जास्त मागणं मला रास्त वाटत नाही.

पुढच्या भागात युरोपीय संघाच्या सीमेवरच्या कार्बन शुल्काकडे वळू. १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियममागच्या धुराची किंमत तिथल्या आयातदाराला मोजावी लागते.